तानपुरा कुठे गेला?

जून २०२०. पुण्यात सकाळचे साडेसहा. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गायिका तानपुरा घेऊन बसल्या आहेत. त्या गाणं शिकवतात आणि सगळे त्यांना ताईच म्हणतात. समोर चौरंग, चौरंगावर जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी, डिरेक्टरीवर लॅपटॉप. पडद्यावर न्यू जर्सीतली त्यांची शिष्या. तिच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. मुलांना झोपवून, ओटा आवरून ती बसलेली. मी मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीत. ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं’ या जुन्या गैरसमजापोटी मला वरून बोलावून आणलेलं.

ताई दहा मिनिटं तानपुरा छेडत होत्या. खोली त्या नादाने भरून गेली होती. आणि पलीकडून शिष्या विचारते, ‘ताई, तानपुरा लावला नाहीत का अजून?’

ताईंनी एकदा तानपुऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘अगं, हा काय वाजतोय!’

‘तुमचं बोलणं येतंय. तानपुरा नाही येत.’

ताईंनी भोपळा लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकवला. पलीकडे क्षणभर झंकार पोचला असावा, कारण शिष्येचा चेहरा उजळला. मग ती म्हणाली, ‘आला... गेला.’

‘नेट स्लो असेल’ हे सर्व रोगांवरचं औषध सांगून मी वर निघून आलो. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. बोलणं जातं, मग तानपुरा का जात नाही? त्याच्यामागे लागता लागता मी त्या टाळेबंदीत शिक्षक, गवई, गावाकडचे गुरुजी आणि परदेशातल्या मराठी शाळा अशा बऱ्याच जणांशी फोनवर बोललो. वर्ग पडद्यावर गेले तेव्हा आपण सगळे ‘दिसतंय का? दिसतंय का?’ एवढंच विचारत होतो. कानाचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

*

व्हिडिओ कॉलची ॲप मुळात कचेरीतल्या मीटिंगांसाठी घडली. मीटिंगमध्ये नको असतो तो पंखा, एसीची घरघर, खिडकीखालची रहदारी. या आवाजांची खूण अशी की ते सलग असतात आणि फारसे बदलत नाहीत. माणसाचं बोलणं उलट तुटक असतं. शब्द येतो, थांबतो, पुन्हा येतो. ॲपमधली चाळण सारखी कानोसा घेत असते आणि जे सलग, एकसारखं सापडेल ते गोंगाटात जमा करून वजा करते.

आता तानपुऱ्याचं काम काय? सलग आणि एकसारखं राहणं. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. एकीचा नाद विरायच्या आत दुसरीने त्यात मिसळायचं, कुठे सांधा दिसू द्यायचा नाही. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवून जवारी लावतात ती त्यासाठीच. जवारी लागली की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या हे कसब जपलं. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चाळणीच्या लेखी मात्र तो तानपुरा आणि छताचा पंखा एकाच जातीचे. पहिला झंकार ती जाऊ देते, कारण अजून तिचा निर्णय झालेला नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला निर्णय होतो. शिष्येचं ‘आला... गेला’ हे त्या यंत्राचं अगदी अचूक वर्णन होतं.

हेच मग गळ्याचंही होतं. षड्ज लावून धरला की काही सेकंदांनी तो बारीक होत जातो, जणू गाणारीचा दम संपला. ताईंना पहिल्या आठवड्यात वाटलं की शिष्येचा रियाज सुटलाय. तिला तसं त्या बोलल्याही. ती बिचारी तिकडे पूर्ण दमसास लावून उभी होती. त्यात आणखी एक यंत्रणा आवाजाची पातळी सपाट करत असते. हळू बोललेलं वर उचलते, मोठं बोललेलं खाली दाबते. मीटिंगला हे सोयीचं असेल. गाण्यात आवाज लहान-मोठा करणं हाच अर्धा अर्थ असतो आणि नेमका तोच पुसला जातो.

तिसरी अडचण मला सगळ्यात जिव्हारी लागली. आपल्या स्पीकरमधून आलेला आवाज आपल्याच माइकमध्ये शिरून परत पलीकडे जाऊ नये म्हणून ॲप प्रतिध्वनी कापतं. दोन्हीकडची माणसं एकाच वेळी बोलू लागली की या कापाकापीचा गोंधळ उडतो आणि बहुधा एकाचा आवाज दबतो. मीटिंगमध्ये एका वेळी एकानेच बोलावं हा शिष्टाचारच आहे. पण तालीम? तालमीत गुरू शिष्याबरोबर गातो, मध्येच तोडतो, शिष्याचा स्वर किंचित घसरला की ‘अंहं’ म्हणतो आणि तो घसरत असतानाच बरोबरचा स्वर लावून दाखवतो. ते ‘अंहं’ नेमक्या त्या क्षणी पोचलं तरच उपयोगाचं. शिष्येची तान संपल्यावर पोचलेलं ‘अंहं’ म्हणजे गाडी गेल्यावर वाजलेली घंटा. इथे तर ते पोचतच नव्हतं.

‘मी इकडे ओरडत्येय, आणि ती तिकडे त्याच चुकीवरून तिसऱ्यांदा जात्येय,’ ताई म्हणाल्या. ‘मला वाटलं, माझं ऐकतच नाही.’

*

चाळणीला निदान बंद करण्याचं बटण असतं. अंतराला नाही.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटर लांब बसलेल्या तबलजीची थाप गायकाला सेकंदाच्या साधारण तीन शतांश भागाने उशिरा ऐकू येते, आणि एकत्र वाजवणाऱ्यांना जेमतेम इतकाच उशीर पेलवतो. पुण्याहून न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी एका बाजूला सहा शतांश सेकंद गेलेच. केबल सरळ रेषेत नसते. त्यात आवाज बांधणं, तुकडे करणं, पलीकडे जोडणं आलं. जाऊन-येऊन चार दशांश सेकंद सहज होतात. बोलताना हे जाणवतही नाही. मध्यलयीचा तीनताल मिनिटाला १२० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे ताईंनी हातावर टाळी देऊन सम दाखवावी आणि शिष्येची सम त्यांच्या कानी यावी ती जवळजवळ मात्राभर मागाहून. तिच्या बाजूने ती अगदी समेवर असते. दोघी बरोबर आणि दोघी बेताल!

यावर जगात कुणाकडेही तोडगा नाही. प्रकाशाला घाई करता येत नाही. ताईंनी मग जे केलं ते ऐकून मला गंमत वाटली. त्यांनी एकत्र गाणं सोडूनच दिलं. तानपुरा आणि ठेका शिष्येने आपल्याकडे ॲपवर लावायचा. ताई एक आवर्तन गाणार, शिष्या गप्प बसून ऐकणार. मग शिष्या गाणार, ताई गप्प. पूर्वी ताईंच्या आवाजाचा हात धरून ती चालायची. आता ओळ पूर्ण ऐकून, मनात धरून, एकटीने परत म्हणायची वेळ आली.

‘सुरुवातीचे दोन महिने वाईट गेले,’ शिष्येने मला नंतर फोनवर सांगितलं. ‘मला कळलं की मी इतकी वर्षं ताईंच्या मागून गात होते. ऐकत नव्हते.’

मधल्या काळात मी थोडा अभ्यास करून खाली गेलो होतो. मीटिंगच्या ॲपमध्ये सेटिंगच्या पोटात, तीन दारं ओलांडल्यावर, ही सगळी चाळण बंद करायची सोय बहुधा असते. झूमने तर २०२० मध्येच त्यांच्या ‘ओरिजिनल साउंड’मध्ये संगीतासाठी खास उच्च दर्जाचा पर्याय दिला. तो लावला, लॅपटॉपचा स्पीकर बंद करून दोन्हीकडे तारेचे हेडफोन घातले, आणि तानपुरा न्यू जर्सीला पोचला. हेडफोन तारेचाच, हे मुद्दाम सांगतो. शिष्येकडे भारीतला बिनतारी इयरफोन होता. पण त्याचा माइक सुरू झाला की ब्लूटूथची वाट दोन्ही बाजूंच्या आवाजाला अपुरी पडते आणि तोच इयरफोन जुन्या टेलिफोनसारखा वाजू लागतो. दीडशे रुपयांच्या वायरने पंधरा हजारांच्या इयरफोनवर मात केली याचा मला आजही आसुरी आनंद आहे.

*

गाणं यंत्रातून शिकण्याचं वेड आपल्याकडे नवं नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा झपाटला आणि १९३३ मध्ये गाणं शिकण्यासाठी घरातून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की तिचा दुसरा भाग सांगायचा राहून जातो. तबकडीने घर सोडायला लावलं, शिकवलं मात्र कुंदगोळात सवाई गंधर्वांच्या घरी, समोर बसवून. तबकडी तीन मिनिटांत संपायची आणि ऐकणाऱ्याचं काय चुकलं ते सांगायची नाही. दुसरीकडे अल्लादियाखाँसाहेब, त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रणच नाही, आणि तरी जयपूर गायकी कानांवाटे पुढे गेली. अनेक जुन्या उस्तादांना ध्वनिमुद्रणाचा धाक वाटायचा की चीज बाहेर फुटेल.

ताईंच्या गुरूंनीही त्यांना कधी टेपरेकॉर्डर आणू दिला नव्हता. आता ताई स्वतः प्रत्येक तालीम रेकॉर्ड करून शिष्येला पाठवतात. आधी नाइलाजाने, कारण मध्येच आवाज तुटला तर निदान मूळ ओळ हाती राहावी. मग सवयीने. शिष्या गाडी चालवताना ती ऐकते, आणि ताईंचं म्हणणं असं की बंदिश आठवडाभरात बसू लागली. पूर्वी महिना जायचा. तरी एक कुरकूर त्यांची आहेच. ‘रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर त्या क्षणाला कान ढिला पडतो. आम्हाला ठाऊक असायचं, हे परत मिळणार नाही.’

मला हे खरं वाटतं. पण भाऊगर्दीत मागे बसून, गुरूच्या पाठीकडून जे मिळेल ते टिपणाऱ्या मुलांचीही मला आठवण होते. त्यांना काय परत मिळत होतं?

*

ताईंची शिष्या सुखवस्तू. तिचं नेट पक्कं, खोली स्वतंत्र. आता जरा दुसरीकडे जाऊ.

नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असणारे एक गुरुजी मला फोनवर भेटले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्यावर त्यांनी उत्साहाने गणिताचे व्हिडिओ केले आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. चार दिवसांत एका पालकाचा निरोप आला: ‘गुरुजी, तुमचा एक धडा बघितला की दिवसाचा डेटा खल्लास.’ घरात फोन एक. तो सकाळी बापाबरोबर कामावर जायचा आणि रात्री आठला परत यायचा, तोवर त्याची बॅटरीही थकलेली असायची.

गुरुजींनी व्हिडिओ सोडले आणि व्हॉइस नोट धरली. हिशोब साधा आहे. अगदी बेताचा व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिट खातो. तासाला २२५ एमबी. बोलण्याचा आवाज आजच्या पद्धतीने दाबून बांधला तर २४ किलोबिटमध्ये स्वच्छ जातो. तासाला अकरा एमबीसुद्धा नाही. वीसपट फरक. चार मिनिटांचा धडा एक एमबीच्या आत उतरला, रेंज नसलेल्या पाड्यावर ब्लूटूथने या फोनमधून त्या फोनमध्ये गेला.

पण नुसता आवाज म्हटल्यावर शिकवणं बदलावं लागलं. ‘हे इथून इकडे आणायचं’ चालेना. फळ्यावर बोट ठेवायची सोय गेली, म्हणून प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागलं: डावीकडचा आकडा, खालची ओळ, शेंगांची दुसरी रास. ‘एका वर्षात माझी भाषा सुधारली,’ ते म्हणाले. अंध विद्यार्थ्यांना शिकवणारे हे केव्हापासून सांगत आलेत. ऑनलाइन वर्गात ‘यावर क्लिक करा, मग तिकडे जा’ असं म्हणणारा शिक्षक त्यांच्या दृष्टीने काहीच सांगत नसतो. गुरुजी प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प बसायचे, तेही रेकॉर्ड करायचे. त्या गप्प जागेत मूल उत्तर म्हणायचं. पहिल्यांदा पालकांना वाटलं, रेकॉर्डिंग बंद पडलं.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे पलंग, त्यावर गोधडी, गोधडीत गुरुजी. हसू येतं, पण शास्त्र बरोबर आहे. उघड्या भिंती आवाज परतवतात, कापूस तो पिऊन टाकतो. फोन तोंडापासून वीतभर. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज झपाट्याने उतरतो आणि खोलीचा घुमारा वर येतो. गुरुजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. ‘बायकोने सांगितलं, आतून बोलला की बरं येतं.’

त्याच वर्षी पालघरच्या आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. लाउडस्पीकर नेऊन लावायचा, भोवती अंतर राखून मुलं बसायची. नागपूरच्या आकाशवाणीवरून ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागाने ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. पडद्याची एवढी चर्चा होत असताना जिथे पडदा पोचत नव्हता तिथे भोंगा आणि रेडिओ पोचला.

रेडिओवरून शिकवायचं तर महाराष्ट्राला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आपण विसरलोय याचं मला आश्चर्य वाटतं. १९५६ मध्ये, पुणे आकाशवाणी सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं होत असताना, युनेस्कोच्या मदतीने इथे एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतली १५० गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, एकूण २०. प्रत्येक गावात पंधरा-वीस शेतकऱ्यांचा गट रेडिओभोवती बसायचा, ऐकायचा, आणि रेडिओ बंद केल्यावर खरं काम सुरू व्हायचं: गटात चर्चा, निर्णय, आणि मनातल्या शंका टपालाने पुण्याला. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं यायची. कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची. पण गावच्या पारावर ती परकी वाटली नसावी.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी मोजणी केली. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: गट असलेली, रेडिओ असूनही गट नसलेली, आणि रेडिओही नसलेली. गट असलेल्या गावांत माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडकी. म्हणजे आवाज तोच, कार्यक्रम तोच; ऐकून झाल्यावर कुणाशी बोलायचं आहे की नाही, यावर सगळा फरक पडला. १९५९ पासून ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं आणि मग सरकारी योजनांचं जे होतं ते झालं. पण गोधडीतले गुरुजी मला म्हणाले, ‘मुलांना मी सांगितलं, उत्तर लिहून फोटो नका पाठवू, बोलून पाठवा,’ तेव्हा मला तो टपालाचा थैला दिसला.

*

शहरातल्या ऑनलाइन शिक्षणाची आवाजाबाबत तऱ्हा वेगळी. तिथे आवाज कमी नसतो, जास्त असतो.

आमच्या भाच्याला एका कंपनीचा अभ्यासक्रम घेऊन दिला होता. पडद्यावर परिच्छेद, निवेदक तोच परिच्छेद शब्द न् शब्द वाचतोय, आणि खाली सतारीचा तुकडा दर आठ सेकंदांनी फिरून फिरून येतोय. मुलगा दहा मिनिटांत पेंगला. दोष त्याचा नव्हता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. चित्र दाखवताना त्याचं स्पष्टीकरण छापून देण्यापेक्षा बोलून दिलं तर चांगलं शिकलं जातं, कारण डोळा चित्रात गुंतलेला असतो आणि कान मोकळा असतो. पण तेच शब्द बोललेही आणि छापलेही, तर डोळा पुन्हा चित्र सोडून अक्षरांकडे धावतो. पार्श्वसंगीताने तर शिकणं घटतं, असं त्यांना आणि रोक्साना मोरेनो यांना २००० साली आढळलं. बोलणाऱ्याने पुस्तकी न बोलता समोरच्याशी बोलल्यासारखं बोलावं, हेही त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आलं. आपल्या कीर्तनकारांना हे कुणी सांगायला नको होतं. नामाचा गजर आणि निरूपण ते एकावर एक रचत नाहीत. अर्थ सांगायची वेळ आली की टाळ थांबतात.

आवाज वाईट असेल तर माणूसच कमी शहाणा वाटतो, हा शोध जरा बोचरा आहे. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१८ मध्ये एका संशोधकाच्या एकाच भाषणाची एक स्वच्छ आणि एक खराब आवाजाची प्रत लोकांना ऐकवली. शब्द तेच, माणूस तोच. खराब आवाज ऐकणाऱ्यांना संशोधक सामान्य वाटला आणि त्याचं संशोधन बिनमहत्त्वाचं. टाळेबंदीत घुमणाऱ्या खोलीतून, कुकरच्या शिट्टीवरून बोलणाऱ्या किती शिक्षिका विद्यार्थ्यांच्या मनातून अशाच उतरल्या असतील, कोण जाणे. कॉलेजांनी त्यांच्यासाठी कॅमेऱ्याची, दिव्याची सोय केली. माइकचा विचार एखाद्यानेच केला असेल.

*

ज्याला आवाजावाचून गत्यंतरच नाही असा एक वर्ग परदेशातल्या मराठी मुलांचा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा भरतात, त्यांतल्या काही २०२० पासून पडद्यावर गेल्या. तिथे शिकवणाऱ्या एक बाई सांगत होत्या: ‘बाराखडी येते हो. पण माझा आणि माझी?’

मी आधी कोड्यात पडलो. मग स्वतःच मोठ्याने म्हणून पाहिलं. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांपाशी. ‘माझी’ म्हणताना ती मागे टाळूकडे. अक्षर एकच, झ. लिपी काहीच सांगत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही कागदावर जुळे भाऊ आहेत. वेगळे कळतात ते कानालाच. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, आईच्या आवाजातून ते आपोआप आत गेलं. टोरांटोतल्या मुलाला पुस्तकातून ते कसं जाणार? आणि स, श, च यांना वेगळं करणारा बारीक सळसळता भाग आवाजाच्या वरच्या पट्टीत असतो. जुन्या टेलिफोनची वाट ३,४०० हर्ट्‌झला संपते. वाईट माइक किंवा मघाचा तो ब्लूटूथ यांतून आलेल्या आवाजात हा भाग गळतो. त्या बाईंनी उपाय केला तो घरगुतीच. प्रत्येक मुलाला आजीकडून एक गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून मागवायला सांगितली, आणि तिच्यातली तीन वाक्यं मुलाने आपल्या आवाजात म्हणून पाठवायची. कोल्हापूरची आजी, अकोल्याची आजी, वेंगुर्ल्याची आजी. प्रमाण मराठीचा आग्रह त्यात पार वाहून गेला. मला ते आवडलं.

लिखित शेऱ्यांऐवजी बोललेले शेरे दिले तर काय होतं, हे फिल आइस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांत तपासलं होतं. विद्यार्थ्यांना बोललेले शेरे अधिक आवडले. सूक्ष्म अर्थ त्यांतून नीट पोचले, शिक्षकाला आपली काळजी आहे असंही वाटलं. ‘पुन्हा कर’ असं लाल अक्षरात लिहिलं की ती शिक्षा असते. तेच बोलताना आवाज शेवटी किंचित वर गेला तर ते आमंत्रण होतं. पण हे एका बाजूचं झालं. आपल्या ऑनलाइन वर्गांनी चाळीस मुलांना म्यूट करून ठेवलं आणि शिक्षक विहिरीत बोलल्यासारखा बोलत राहिला. वर्गातली कुजबुज, विनोदावरचं हसू, ‘हां हां’, न समजल्याची चुळबुळ हे सगळं शिक्षकाला वाट दाखवत असतं. बैठकीत ‘वा’ नाही आली तर गवई जागा बदलतो. शांत पडद्यासमोर काय बदलणार?

एका महाविद्यालयीन प्राध्यापकांनी मला सांगितलं की त्यांनी दर तासाला पाच मुलांचे माइक उघडे ठेवायला सुरुवात केली, आळीपाळीने. कुत्रा भुंकायचा, कुणाची आई भाजी विचारायची. ‘गोंधळ झाला,’ ते म्हणाले, ‘पण मला कळायला लागलं की मी कुठे वेगाने जातोय.’

*

आमच्या खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष तालमी कधीच्या सुरू झाल्या. पहाटेची न्यू जर्सीची वेळ मात्र टिकून आहे. मधल्या एका भारतभेटीत शिष्या मिरजेला जाऊन आली आणि काळी चारचा तानपुरा लाकडी पेटीत घालून विमानाने घेऊन गेली. ॲपमधला तानपुरा तिने बंद केला.

परवा पुन्हा एकदा मला बोलावणं आलं. लॅपटॉप बदलला होता आणि नव्यात ती सेटिंग सापडत नव्हती. मी सापडवली. तोवर डिरेक्टरीची जागा स्टँडने घेतली होती, ताईंच्या कानावर मोठे काळे हेडफोन होते, चष्म्याच्या काड्यांवर ते नीट बसत नव्हते. पलीकडे शिष्येने तारा छेडायला सुरुवात केली. मला खुर्चीतून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त ताईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले. शिष्येने तोंड उघडलं, षड्ज लावणार एवढ्यात ताईंनी हात वर केला.

‘थांब. पंचम उतरलाय तुझा. आधी तो लाव.’